पुढचा आणि मागचा

किल्ली फिरवली की पहिला आवाज सीटच्या मागून यायचा. टक-टक-टक-टक. पेट्रोलचा पंप. आधी भराभर, मग सावकाश, मग एखादाच ठोका, आणि मग शांतता. ती शांतता आली की समजायचं, पुढे दोघांची भांडी भरली. मग चोकची मूठ ओढायची, स्टार्टरची मूठ ओढायची आणि कान द्यायचा.

बोनेटखाली डाव्या अंगाला ते दोघे शेजारी शेजारी बसलेले असत. उपड्या घातलेल्या फुलपात्रांसारखे ॲल्युमिनियमचे दोन घुमट, वर्षानुवर्षं फडकं फिरून चकाकलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर पितळी टोपी, कुशीत पेट्रोलचं गोल भांडं. मापानं आणि घडणीनं अगदी जुळे. आमच्या घरात त्यांना कार्बोरेटर असं कोणी म्हणत नसे. रेडिएटरकडचा तो पुढचा आणि माणसांकडचा तो मागचा. ‘आज मागच्याचं काही खरं नाही,’ असं बाबा जेवताना म्हणाले की आईला कळायचं, रविवारची डुमसच्या समुद्राकाठची फेरी गेली.

दिसायला सारखे, पण स्वभाव वेगळे. पुढच्याला पंख्याचा वारा लागायचा, त्यामुळे तो शांत. मागच्याच्या वाट्याला इंजिन आणि पत्र्याची भिंत यांच्यातली कोंदट जागा. धूर वाहून नेणारा तापलेला लोखंडी पंजा दोघांच्याही खाली, पण वारा एकट्या पुढच्याला. मे महिन्यात मागचा दुपारभर धुमसायचा आणि संध्याकाळी रुसायचा. थंडीत मात्र आधी जागा व्हायचा तो मागचाच.

गाडी एमजीए, १९५७ची. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखावर गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. एक सुरतेला आली. बुटकी, दोन माणसांची, दाराला बाहेरून मूठच नसलेली. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडायचं. बाबा इथल्या एका गिरणीत वीव्हिंग मास्टर होते. १९७३च्या तेलसंकटात पेट्रोलचे भाव भडकले आणि पुढच्या वर्षी गिरणीच्या शेठनी ही गाडी काढायची ठरवली. तिला पेट्रोल पाजायला कोणी तयार नव्हतं. बाबांनी ती घेतली आणि आमच्या नातेवाइकांत दोन वर्षं तोच विषय होता.

गाडी विलायती, पण इंजिन आपल्या ओळखीचं. १४८९ सीसीचं हे बी-सीरीज इंजिन म्हणजे अँबॅसेडरचंच इंजिन. हिंदुस्तान मोटर्सनं उत्तरपाड्याला कित्येक वर्षं तेच बनवलं. फरक श्वासाचा होता. अँबॅसेडरला एक कार्बोरेटर, एमजीएला दोन. एकाच घरातले दोन भाऊ असावेत, एक संसाराला लागलेला आणि दुसरा तालमीत वाढलेला, तसं ते नातं. म्हणूनच आमची गाडी सुरतेत जगली. अँबॅसेडर उघडलेला हात तिच्या इंजिनात चुकत नसे.

तो हात नानांचा. नाना मिस्त्री तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या नंदुरबारकडचे, आता तो वेगळा जिल्हा आहे. भुसावळहून सुरतेला येणाऱ्या गाडीत खानदेशातली किती माणसं पोटासाठी चढली असतील! लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत आजही अहिराणी कानावर पडते. नाना अठराव्या वर्षी आले आणि गॅरेजात लागले. बाबांनी पहिल्यांदा बोनेट उघडून दाखवलं तेव्हा त्यांनी पान्याला हात लावला नाही. रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानात धरलं आणि दुसरं पुढच्याच्या तोंडाशी नेलं. मग मागच्याच्या तोंडाशी. पुन्हा पुढच्याच्या. आणि बाबांना म्हणाले, “आयका भाऊ, तो बोली ऱ्हायना.”

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. त्यांनी ती नळी माझ्याही कानाला लावली. आत हवेचा फुसकारा होता, लांबून ऐकलेल्या नदीसारखा. पुढच्याचा मोठा, मागच्याचा बारीक. नानांनी मागच्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला. फुसकारा चढला. आणखी थोडा. दोन्ही आवाज सारखे झाले आणि त्या क्षणी इंजिनाची थरथर थांबली. बोनेटवर ठेवलेल्या कपातला चहा हलायचा राहिला. एखाद्या यंत्राचं बरं वाटणं मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

या दोघांचं घराणंही ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या अंगावर एसयू ही अक्षरं असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर हे लंडनचं बूटवाल्यांचं घराणं. त्यातल्या जॉर्ज स्किनरनं विसाव्या शतकाच्या आरंभी हा कार्बोरेटर घडवला तेव्हा त्याच्या पोटात चामड्याचा भाता होता. हाताशी चामडं होतं, चामड्याची जाण होती, तीच त्यानं कामी आणली. १९१० साली कंपनी उभी राहिली. पुढे चामड्याचा भाता गेला आणि धातूचा पिस्टन आला, पण श्वासाची रीत तीच राहिली.

रीत अशी. घुमटाच्या आत पिस्टन तरंगतो. इंजिन हवा ओढतं तसा तो वर उचलला जातो. जास्त ओढलं तर जास्त, कमी ओढलं तर कमी. त्याच्या पोटाला एक निमुळती सुई असते आणि ती खालच्या जेटमध्ये उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुई जेटमधून बाहेर सरकते, तिच्याभोवतीची फट वाढते आणि हवेच्या बरोबरीनं पेट्रोल वाढतं. सुईची जाडी दर एक अष्टमांश इंचावर ठरवून दिलेली, इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत. हे इंजिन कोणत्या वेगाला किती प्यायचं, ते सगळं त्या बोटभर सुईच्या उतारात लिहिलेलं. पितळी टोपीखाली थोडं पातळ तेल असतं. पाय एकदम दाबला तर पिस्टनही एकदम उसळेल. ते तेल त्याला क्षणभर धरून ठेवतं आणि त्या क्षणात इंजिनाला घोटभर जास्त पेट्रोल मिळतं. वीज नाही, मोजमापाचा काटा नाही. वजन, हवा, तेल आणि एक सुई. मनुष्याच्या हातानं केलेल्या शहाण्या वस्तूंत मी या वस्तूला फार वरची जागा देतो.

तब्येत पाहायची खूण नानांनीच मला शिकवली. बोटानं पिस्टन वर उचलायचा आणि सोडायचा. खाली बसताना ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला तर सुई जेटच्या मधोमध आहे. आवाज दबका आला तर सुई कडेला घासते आहे. डॉक्टर पाठीवर बोट ठोकून पाहतात, तसं.

ऑगस्ट २००६. उकाई धरणातून पाणी सुटलं आणि तापी शहरात शिरली. अडाजणच्या आमच्या गल्लीत पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत चढलं. आम्ही गच्चीवर होतो आणि खाली अंगणात एमजीए पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर बोनेट उघडलं तर दोन्ही घुमट गाळानं माखून एका रंगाचे झालेले. बाबा तेव्हा पंचाहत्तरीत होते. ते काही बोलले नाहीत, नुसते कट्ट्यावर बसून राहिले.

नानांचं स्वतःचं घर गाळात होतं, तरी चौथ्या दिवशी ते आले. दोघांना गाडीवरून उतरवलं आणि गच्चीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर खोललं. डावीकडे पुढच्याचे भाग, उजवीकडे मागच्याचे, कारण जुळे असले तरी त्यांचे पिस्टन एकमेकांच्या घुमटात घालायचे नसतात. प्रत्येक पिस्टन आपापल्या घुमटाला जुळवलेला असतो. रॉकेलच्या परातीत एकेक भाग धुतला. सुया मलमलीनं पुसल्या. जेटच्या खाली बुचाच्या चकत्या असतात, त्या तेवढ्या नव्या कापून घातल्या. इंजिनातला गाळ काढायला आणखी आठ दिवस गेले. मग एका सकाळी किल्ली फिरवली, पंप टकटकला, आणि इंजिनानं आधी दोनच सिलिंडरवर जीव धरला. तिसरा आणि चौथा, मागच्याच्या वाटणीचे. म्हणजे मागचा आधी बोलला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबा गेल्यावर आता मला ती गाडी म्हणजे ती सकाळ वाटते.

असं असताना मी त्या दोघांना गाडीवरून उतरवलं. का, ते सांगायला हवं.

ते ज्या पेट्रोलसाठी जन्मले ते पेट्रोलच राहिलं नाही. फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं. ते गेलं हे फार चांगलं झालं आणि त्यांनी ते पचवलंही. मग इथेनॉल आलं. आधी थोडं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं, आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळ्या पंपांवर तेच. एक भाग पेट्रोल जाळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेला आता आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. सुईला हे माहीत नाही. तिचा उतार सत्तर वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचा. नाना नट फिरवून जेट खाली उतरवत, त्यानं स्लोवर गाडी छान लागे, पण वेगावर पुन्हा उपाशी पडे, शिंका दिल्यासारखी फटकारे मारी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि सुरतेच्या हवेत ओलीला तोटा नाही. महिनाभर गाडी उभी राहिली की भांड्यांच्या तळाशी पांढरा क्षार धरे. भर उन्हात बंद केली की खालच्या पंजाच्या उष्णतेनं भांड्यांतलं इंधन उकळे आणि अर्धा तास ती सुरू होत नसे.

शेवट झाला रिंग रोडच्या उड्डाणपुलावर. मे महिना, दुपारचे दोन, पुढे-मागे कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो. मागचा बंद पडला, त्याच्यामागून पुढचाही. मी बोनेट उघडून उभा राहिलो. मागच्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्याच्या भांड्यातून उकळण्याचा बारीक आवाज येत होता. आजारी म्हाताऱ्या माणसाला आपण हट्टानं कामाला जुंपलं आहे, असं मला त्या वेळी वाटलं.

इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचं, म्हणजे संगणकाच्या हिशेबानं इंधन फवारण्याचं, नाव काढलं नानांच्या मुलानं. तो उधन्यात एम्ब्रॉयडरी मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. वडिलांची कला हातातून कशी निसटते आहे ते त्यानं जवळून पाहिलं होतं. २००० सालच्या सुमारास मारुती ८०० इंजेक्शनवर गेली तेव्हा नानांकडे येणाऱ्या मोटारी घटल्या. मग मोटरसायकलींनी त्यांना सांभाळलं. आकुर्डीच्या बजाजनं २००७ साली पल्सर २२०ला इंजेक्शन दिलं होतं, पण दोनच वर्षांनी तिला पुन्हा कार्बोरेटर लावून आणलं, आणि गॅरेजांना वाटलं, आपले दिवस आहेत. एप्रिल २०२०मध्ये बीएस-सहाचे नियम लागले आणि नव्या मोटरसायकलीही बहुतेक इंजेक्शनवरच येऊ लागल्या. रोज दोन-तीन कार्बोरेटर उघडणारे हात आता आठवड्याला एकाची वाट पाहतात.

मला भीती होती की नाना दुखावतील. त्यांनी मुलाचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. “उतरवा, पण आधी त्यांच्याकडून शिकून घ्या.”

मुलाला ती अट लगेच कळली. इंजेक्शनचा इतिहास त्याला पाठ होता. १९५८ साली अमेरिकेत बेंडिक्सची विजेवर चालणारी इंजेक्शन पद्धत क्रायस्लरच्या मोजक्या मोटारींना बसवली होती. ती भरवशाची निघाली नाही आणि त्यांतल्या बहुतेक मोटारींना परत कार्बोरेटर लावले गेले. १९६७ साली बॉशनं फोक्सवॅगनला दिलेली पद्धत टिकली. नवा येतो तो पोटातून शिकून येत नाही. त्याला कुणीतरी शिकवावं लागतं.

म्हणून दोघांना जागेवरून न हलवता आम्ही आधी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवला. धुरात किती ऑक्सिजन उरला त्यावरून हवा आणि इंधनाचा मेळ कळतो. त्याचा आकडा १ आला तर मेळ बरोबर. कमी आला तर इंधन जास्त, वर गेला तर गाडी उपाशी. सीटवर लॅपटॉप ठेवून पंधरा दिवस गाडी चालवली. पहाटेच्या थंडीत डुमसला, दुपारी हजिऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांमागून, रविवारी बारडोलीला. पुढचा आणि मागचा आपलं नेहमीचं काम करत होते आणि प्रत्येक वेगाला, प्रत्येक चढाला ते काय करतात ते टिपलं जात होतं. स्लोवर आकडा बरोबर १च्या आसपास. तो नानांच्या कानानं लावलेला. सत्तरच्या वेगाला मात्र १.१च्या वर. दुसऱ्या उताराची सुई घालून ते सुधारलं असतं, पण पुढे पेट्रोल आणखी बदललं तर पुन्हा तिसरी, आणि उकळण्याला तर कुठलीच सुई औषध नाही.

संगणकाच्या पडद्यावर त्या पंधरा दिवसांचा तक्ता तयार झाला. सोळा आडव्या ओळी, सोळा उभ्या, दोनशे छप्पन घरं. आडवा इंजिनाचा वेग, उभा त्याच्यावरचा भार, आणि घरात आकडा की इथे इतकं इंधन. मला एकदम बाबांचं गिरणीतलं टेबल आठवलं. तिथे जॅकार्डचा ग्राफ पसरलेला असायचा, चौकोनी घरांचा; कोणतं घर भरायचं त्यावर कोणता धागा उचलायचा ते ठरे आणि त्यातून साडीच्या पदरावर मोर उमटे. हाही ग्राफच होता. सुईच्या एका उतारात जे लिहिलेलं होतं ते आता दोनशे छप्पन घरांत उकलून मांडलं होतं. काही घरं आम्ही बदलली, पण पहिला आराखडा त्या दोघांचाच.

मग उतरवण्याचा दिवस. नानांनी चार नट सैल केले आणि पुढच्याला दोन्ही हातांत धरून बाजूला ठेवलं. मग मागच्याला.

बाकीचं काम पुष्कळ होतं. गाडीची अर्थिंग उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ती चालत नाही, म्हणून ती फिरवली. डायनॅमो स्लोवर पुरेशी वीज देत नाही. त्याच्या जागी अल्टरनेटर आला. टकटकणारा पंप गेला, कारण इंजेक्टरला तीन बार दाब लागतो आणि जुना पंप त्याच्या पंधराव्या भागाएवढा द्यायचा. या दाबाचा एक उपकार असा की दाबाखालचं इंधन सहजी उकळत नाही. नळ्या सगळ्या नव्या. पुढच्या पुलीवर छत्तीस दात्यांचं चक्र, त्यातला एक दाता मुद्दाम काढलेला. ती खाच सेन्सरसमोरून गेली की इंजिन कुठवर फिरलं ते संगणकाला समजतं. संगणकाची पेटी डॅशबोर्डच्या मागे जितकी उंच बसेल तितकी उंच बसवली. २००६ आम्ही विसरलेलो नाही आणि ही पेटी रॉकेलच्या परातीत धुता येणार नाही.

एक गोष्ट मी पहिल्यापासून धरून होतो. गाडीच्या अंगाला नवं भोक पडता कामा नये. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते ती मूळ रूपात असेल तर; सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा लागतो. एरवीही गाडीतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. तेव्हा जे लावलं ते सगळं नट-बोल्टवर, एका दिवसात उतरेल असं, आणि जुनं सगळं जपलेलं. नोंदीला पाठवायची वेळ आली तर ते दोघेच तिला घेऊन जातील.

इंजेक्टर कुठे बसवायचे यावर मात्र बापलेकांत चार दिवस खल झाला. या इंजिनात एक जुनी अडचण आहे. सिलिंडर चार, पण हवा आत जायला दारं दोनच. एक आणि दोन यांचं एक दार, तीन आणि चार यांचं दुसरं. म्हणून तर कार्बोरेटर दोन होते. प्रत्येकाकडे दोन-दोन लेकरं. मुलाला इंजेक्टर दाराच्या अगदी तोंडाशी हवे होते, नव्या गाड्यांत असतात तसे. नाना म्हणाले, जेट जिथे होता तिथेच नव्यानं बसायचं. हवा आणि पेट्रोल तिथे भेटायची सवय या इंजिनाला सत्तर वर्षं आहे. शेवटी तसंच केलं.

पहिल्या दिवशी इंजिन नुसतं फिरत राहिलं. सेन्सरच्या दोन तारा उलट लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी स्टार्टरची मूठ ओढताच पेटलं. चोक नाही, वाट पाहणं नाही. पडद्यावर आकडा १. मुलानं टाळी वाजवली. नाना गाडीला वळसा घालून मागे गेले, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला आणि डोळे मिटून उभे राहिले.

“दोघं पोटभर जेवलेत,” ते म्हणाले, “दोघं अर्धपोटी आहेत.”

पडदा तसं म्हणत नव्हता. पण सेन्सर एकच होता आणि तो चारही सिलिंडरच्या एकत्र झालेल्या धुराची सरासरी सांगत होता. नानांनी प्लग काढले आणि फडक्यावर ओळीनं मांडले. दोन आणि तीन काळपट. एक आणि चार पांढुरके. मुलगा बराच वेळ त्या चार प्लगांकडे पाहत राहिला.

कारण दाराचंच होतं. या इंजिनात स्फोटाचा क्रम एक-तीन-चार-दोन. म्हणजे पहिल्या दारातून आधी दोन श्वास घेतो आणि लगेच त्याच्या पाठोपाठ एक; दुसऱ्या दारातून आधी तीन आणि पाठोपाठ चार. मग दोन्ही दारं बराच वेळ स्वस्थ. आमचे इंजेक्टर मात्र इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला फवारा मारत होते. स्वस्थ वेळात फवारलेलं इंधन दारात साचे आणि जो आधी येई तो ते पिऊन जाई. आतले दोघे तृप्त, बाहेरचे दोघे कोरडे. कार्बोरेटरला हा प्रश्न असा कधी पडला नाही, कारण हवा वाहिली तरच तो देई. मागणारा नसला की त्याचा हात आपोआप थांबे. त्या दोघांचा हा गुण आम्हाला ते गेल्यावर कळला.

अशाच दोन दारांच्या इंजिनावर चालणाऱ्या इंग्लंडच्या मिनीला १९९६ साली दोन इंजेक्टर देऊन कंपनीनं हा प्रश्न सोडवला होता. आमचा संगणक मेगास्क्वर्ट, २००१ साली दोन अमेरिकन हौशी तंत्रज्ञांनी स्वतः जोडून वापरावा म्हणून सुरू केलेला; त्यातही या दारांसाठी वेगळी सोय आहे. पण कोणाचा श्वास चालू आहे हे कळायला छत्तीस दात्यांचं चक्र पुरत नाही. चार सिलिंडरचं पूर्ण आवर्तन इंजिनाच्या दोन फेऱ्यांत होतं. डिस्ट्रिब्युटर बरोबर निम्म्या वेगानं फिरतो. त्याच्यात आणखी एक सेन्सर घातला. आता प्रत्येक दाराशी दोन वेगळे फवारे, पहिला आतल्याच्या नावाचा आणि दुसरा बाहेरच्याच्या. आठवड्यानं प्लग काढले तेव्हा चौघांचा रंग एक होता, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा. नानांनी चारही प्लग हातात घेऊन पाहिले आणि मुलाच्या हातात दिले.

गेल्या पौषात आम्ही तिघं दोन गाड्यांनी सापुताऱ्याला गेलो. एमजीएत मी आणि नाना, मागून मुलगा. वांसदा, वघई मागे पडलं आणि घाट लागला. या घाटाशी आमचं जुनं वैर. सापुतारा हजार मीटरच्या आसपास आहे. दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्का विरळ होते, पण जेट खालच्याच मापानं देत राहतो. तिसऱ्या वळणानंतर गाडी जडावायची, काळा धूर सोडायची आणि बाबा वाटेत थांबून दोघांचे नट फिरवायचे. या वेळी नट फिरवायला कोणी थांबलं नाही. आत एक सेन्सर हवेचा दाब पाहत होता आणि वळणागणिक इंधन कणाकणानं कमी होत होतं. सागाच्या रानातून गाडी एका लयीत चढली. नाना हात मांडीवर ठेवून बसले होते. माथ्यावर पोचल्यावर एवढंच म्हणाले, “भाऊ, अण्णांना ही चढण दाखवायला पाहिजे होती.” बाबांना ते अण्णा म्हणत.

तिथे तळ्याकाठी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवून. बोनेट उघडलं. घुमट नव्हते. त्यांच्या जागी दोन साधे नळे, आत हवा अडवणाऱ्या दोन चकत्या, वर दोन इंजेक्टर, तारा. मी नानांना विचारणार होतो की ओकंबोकं वाटतं का. त्याआधीच त्यांनी खिशातून रबरी नळीचा तुकडा काढला. तोच, कडा झिजलेला.

संगणक इंधन मोजतो. पण हवेच्या चकत्या दोन आहेत, एक पुढे आणि एक मागे, आणि त्या दोघी सारख्या उघडतात की नाही हे अजूनही कोणीतरी ऐकावंच लागतं. नानांनी नळी स्वतःच्या कानाला लावली नाही. मुलाला दिली. तो वाकला. पुढच्या नळ्याशी थांबला, मग मागच्याशी, मग पुन्हा पुढच्याशी. आम्ही दोघं गप्प.

“मागचा जरा कमी आहे,” तो म्हणाला.

नानांनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला.